आक्काच्या खांद्यावरचा हात

आक्का, पोलादपूरच्या स्टँडवर तुझा बॅनर लागला तेव्हा तुझ्या डाव्या खांद्याला खड्डा पडलेला होता. लोकांना तो दिसलाही नसेल. बॅनर नीट बघतो कोण? नाव वाचतात, 'अरेरे' म्हणतात आणि महाडची गाडी लागली का ते बघायला वळतात. पण तू बघितला असतास. हातातला चहा तसाच ठेवून पुढे गेली असतीस, खांद्यावर बोट ठेवलं असतंस आणि म्हणाली असतीस, "कुणी केलान ह्यो? खांदा उंदरानं कुरतडल्यावानी दिसतोय."

मी केला, आक्का. हात महाडच्या फ्लेक्सवाल्याचा चालला, पण सांगितलं मी.

आणि हे तुझ्याच बाबतीत व्हावं! आपल्या कापडे गावात आणि आजूबाजूच्या वाड्यांत कुणी गेलं की माणसं आधी भटजीकडे जायची की तुझ्याकडे, हा प्रश्नच होता. तुझ्या त्या पडवीतल्या खोलीत, त्या जुन्या कॉम्प्युटरवर, तू मेलेल्या माणसांना नीटनेटकं करायचीस. ज्याचा आयुष्यात एकच फोटो निघाला, तोही मतदानाच्या कार्डावर, त्यालासुद्धा तू असा उजळायचीस की त्याची बायको म्हणायची, हे जिते असताना कधी इतके बरे नाय दिसले. मी चेष्टा करायचो. म्हणायचो, आक्का, तुझा धंदा यमाच्या भागीदारीत आहे. तू म्हणायचीस, "माझा बॅनर मी करून ठेवलाय बघ. तुझ्यावर भरवसा नाय." मी तुला गप्प करायचो. तिन्हीसांजेचं असलं काही बोलू नकोस म्हणायचो.

तू भरवसा ठेवला नव्हतास ते बरोबरच होतं. पण तो बॅनर कॉम्प्युटरमध्ये होता, आणि कॉम्प्युटर मी मारला.

पावसाळ्यात तू त्याला रोज लावायचीस. काम असो नसो, थोडा वेळ तरी. "माणसासारखंच हाय रे त्याचं. पडून ऱ्हायला की बुरा धरतो." आपल्याकडच्या पावसात कपाटातल्या चपलांना बुरा येतो, तर त्या डब्याची काय कथा. महाडच्या दवाखान्यात नाकाला नळी लावलेली असतानाही तू मला दोनदा विचारलंस, "कॉम्प्युटर लावतोस ना रे?" मी म्हणालो, लावतो. एकदाही लावला नव्हता. भाताच्या गिरणीत काम नव्हतं, पावसात कुणी भात भरडायला आणत नाही, मी रिकामाच होतो. पण तुझ्या खोलीत पाऊल टाकायचं जिवावर यायचं, कारण आपलं भांडण मिटलेलं नव्हतं आणि ते भांडण त्या खोलीत अजून बसलेलं होतं.

भांडणाचं नंतर सांगतो. खरं तर सांगायलाच नको, तुला तोंडपाठ आहे.

तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी भावकीतले म्हणाले, बॅनर लावायला हवा, आक्काचा नाही लागला तर कुणाचा लावायचा. मी तुझ्या खोलीत गेलो. बटण दाबलं. आतून खाटकन आवाज आला, जळक्या वायरचा वास आला आणि सगळं शांत झालं. परत दाबलं. काही नाही. मी बाहेर येऊन तोंड पाडून सांगितलं, आक्काचा कॉम्प्युटर गेला, आता तिने केलेला बॅनर काही मिळत नाही. सगळे हळहळले. एकजण म्हणाला, मालकिणीबरोबर गेला बघ. बायकांनी डोळ्याला पदर लावले.

आणि मला, आक्का, बरं वाटलं. सुंठीवाचून खोकला गेला. हे लिहिताना माझी मान वर होत नाही, पण तसंच झालं होतं. तू तुझ्या बॅनरला कोणता फोटो घेतला असशील ते मला ठाऊक होतं. तो मला स्टँडवर नको होता.

तोच फोटो तुझ्या मोबाइलवरही होता. तुझ्या नावापुढच्या त्या गोलात, सगळ्या गावाने बघितलेला. तू हसतेयस, डोळे बारीक झालेत, कपाळावर केस आलेत. आणि तुझ्या डाव्या खांद्यावर एक हात आहे. मनगटाला काळ्या पट्ट्याचं घड्याळ. बाकीची बाई चौकटीबाहेर. दुसरा धड फोटो घरात सापडेना, म्हणून मी तोच घेऊन महाडला गेलो.

फ्लेक्सवाल्याने फोटो मोठा केला आणि विचारलं, "हा हात कुणाचा आहे?"

मी म्हणालो, "कुणाचा नाय. काढून टाक."

रत्नाचा हात आहे हे मला माहीत नव्हतं असं नाही. ते घड्याळ मी आपल्या पडवीत शंभरदा बघितलं होतं.

रत्ना आणि तू. तुझे यजमान गेल्यावर तू कापड्याला परत आलीस, आणि घरात बसून माझ्या बायकोच्या स्वयंपाकात चुका काढण्यापेक्षा काहीतरी शिकते म्हणून महाडला कॉम्प्युटरच्या क्लासला जायला लागलीस. पऱ्याच्या पाण्यापलीकडच्या बौद्धवाडीतली रत्ना, अंगणवाडीत मदतनीस असलेली, त्याच क्लासला होती. एकाच एसटीने जायचं, एकाच बाकावर बसायचं. पुढे बॅनरचं कामही तुम्ही दोघींनीच उचललं. ती मोबाइलवर फोटो काढून आणायची, तू ते साफ करायचीस. ती पडवीत यायची. तुझी खोली पडवीतच होती, त्यामुळे ती घरात आली की नाही हा प्रश्न कुणाला पडला नाही, आणि मीही पडू दिला नाही.

फक्त चहाचं तेवढं होतं.

आपल्या घरात कागदी कपांचं पाकीट कधीपासून यायला लागलं ते मला आठवत नाही, पण कशासाठी ते मला आणि माझ्या बायकोला, सुनंदाला, दोघांनाही नीट कळत होतं. बोलून कुणी दाखवलं नाही. रत्ना आली की सुनंदा दोन कप पाठवायची, तुला चिनी मातीचा, तिला कागदी. आणि तू न बोलता मधेच उठून आत यायचीस, तुझा चहा कागदी कपात ओतून घ्यायचीस आणि मातीचा कप मोरीत आपटायचीस. वर्षानुवर्षं हे चाललं. मला वाटायचं, हे असंच चालेल.

मग या मार्चात तुम्ही दोघी चवदार तळ्यावर गेलात. तिथे दरवर्षी माणसांचा समुद्र लोटतो. मला कळलं ते गिरणीत, भात भरडायला आलेल्यांकडून. "तुमची आक्का दिसली तळ्यावर," असं हसत हसत, वजनकाट्याकडे बघत. मी घरी येऊन तुला विचारलं, तुझं तिथे काय काम?

"पाणी बघायला गेलते," तू म्हणालीस. "क्लासला जायचे तेव्हा रोज तळ्यावरनंच जायचे. तेव्हा नाय विचारलंस."

"तेव्हा गर्दी नसायची."

"म्हंजे पाण्याचं नाय, माणसांचं हाय."

मी म्हणालो, गावकीत मला बसावं लागतं, लोक बोलतात. तू म्हणालीस, लोक तर मेल्यावरही बोलतात, मला विचार, मी त्यांचे फोटो करते. मग तू कपांवर आलीस. "घरातले कप फुटले काय रे?" मी म्हणालो, कागदी बरे पडतात, धुवायला नकोत. तू माझ्याकडे बघत राहिलीस. "मग तुझा रोज कोण धुतो?"

मी आवाज चढवला. तू त्या दिवसापासून तुझ्या खोलीत स्टोव्ह आणलास आणि वेगळं रांधायला लागलीस. सुनंदा दोनदा ताट घेऊन आली, तू परत पाठवलंस. मी आलो नाही. मला वाटलं, उतरेल राग. तू लहानपणापासून तशीच. रागावलीस की आंब्याच्या झाडावर जाऊन बसायचीस आणि भूक लागली की उतरायचीस. या वेळी तू उतरली नाहीस. आषाढात छातीत दुखायला लागलं आणि श्रावणात तू गेलीस.

तुझ्या दहाव्याला रत्ना आली होती. लांब उभी होती, नदीच्या वरच्या अंगाला. कावळा शिवला, माणसं पांगली, तीही गेली. कापड्याच्या फाट्यावर तसाच दुसरा बॅनर लावला होता, त्याच्यापुढे ती थांबलेली मी बघितली. पदर सारखा करून ती चालायला लागली. खाई त्याला खवखवे म्हणतात ना, मला वाटलं ती मागे वळेल, काहीतरी बोलेल. तिने मागे बघितलंही नाही.

त्यानंतर काही मला झोपवेना, जेववेना असं झालं नाही. उगाच खोटं कशाला लिहू. मी जेवलो, झोपलो, सुतक फिटल्यावर गिरणीला तेलपाणी केलं. पण येता जाता तो बॅनर दिसायचा आणि नजर आधी खांद्यावर जायची. फ्लेक्सवाल्याने हात पुसून तिथे साडीचा रंग ओढला होता, आणि तो रंग खांद्याच्या रेषेबरोबर गेलाच नव्हता. फोटोत मागे चवदार तळं होतं, तिथे निळे ढग घातले होते. तू ढगात हसत होतीस, खांद्याला खड्डा घेऊन. शेवटी एका सकाळी मी तुझा कॉम्प्युटर बांधला आणि महाडला नेला.

तिथल्या दुरुस्तीवाल्याने डबा उघडून मला आत बघायला लावलं. हिरवट बुरा. आतल्या पाटीवर, भाकरीवर येतो तसा. म्हणाला, "बंद ठेवला होता का पावसात?" मी हो म्हणालो. वीज देणारा डबा जळला होता, मुख्य पाटी गेली होती. "हे नवीन बसवू. पण तुमचा माल सगळा या डिस्कवर असतो. ती जगली असली तर जगली." त्याने ती चपटी पेटी त्याच्या मशीनला लावली. कट् कट् असा आवाज येत राहिला. तो मान हलवत राहिला. मला तुझं दवाखान्यातलं शेवटचं श्वास घेणं आठवलं आणि मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

बरेच दिवस त्याने ती चालवत ठेवली. मग फोन आला. फोटो निघाले, म्हणाला, पण नावं गेली. तू प्रत्येक फोटोला नाव द्यायचीस, माणसाचं, वाडीचं, ते सगळं पुसलं गेलं होतं. उरले होते नुसते आकडे आणि चेहरे. काही फोटो वरून अर्धे चांगले आणि खाली राखाडी पट्टा. हजारो फोटो. सगळं खोरं त्यात होतं.

डबा तोच, आतडी नवी, असा कॉम्प्युटर मी परत तुझ्या खोलीत मांडला आणि तुझा बॅनर शोधायला बसलो. मला वाटलं होतं, चटकन सापडेल. चेहऱ्यामागून चेहरे येत होते आणि मला निम्मे ओळखता येत नव्हते. गावकीत मी बसतो, आक्का! ज्यांच्या नावाने मी बोलतो ती माणसं फोटोत समोर आली तर मला नाव सांगता येईना. फाइली उघडायच्या कशा, ढिगातून हवं ते वेगळं काढायचं कसं, काहीच जमेना. खोऱ्यात हे जमणारं एकच माणूस उरलं होतं.

मी पऱ्या ओलांडून गेलो. लावणीला माणसं बघायला आणि मतं मागायला सोडून मी तिकडे कधी गेलो नव्हतो. रत्ना अंगणात वाल सोलत बसली होती. मी म्हणालो, आक्काचा कॉम्प्युटर सुरू केलाय, पण मला काही सापडत नाही. तिने हातातला वाल सोलून पुरा केला.

"बॅनर हवा ना तुला?"

"हो."

"उद्या येते. आज अंगणवाडीचा आहार वाटायचा हाय."

दुसऱ्या दिवशी ती आली. तुझ्या खुर्चीत बसली नाही, स्टूल ओढून घेतलं. सुनंदा चहा घेऊन आली. बशीसकट, मातीच्या कपात. दोन्ही कप सारखे. हे मी तिला सांगितलं नव्हतं, तिचं तिनेच केलं. रत्नाने कपाकडे बघितलं आणि म्हणाली, "आज कागदी सरले काय गो सुनंदा?"

सुनंदा दारातच थिजली. बोलायला हवं होतं मलाच, आणि मी खिडकीबाहेर बघत राहिलो. रत्नाने चहा प्यायला, कप बाजूला ठेवला आणि कामाला लागली.

ती नावं सांगत गेली, मी एका बोटाने टाइप करत गेलो. ही शिवथरची म्हातारी, हिला बॅनरमध्ये नथ तू घातलीस कारण मेल्यावर तरी सोनं मिळू दे म्हणालीस. हा ट्रकवाला, याच्या कडेवर पोरगी होती. "पोरीला काढली. जिवंत माणूस मेलेल्याच्या बॅनरवर ठेवायचा नसतो, अपशकुन. पण तिचे हात बघ, बापाच्या गळ्यात हायत. आक्का म्हणायची, माणूस काढीन, हात नाय काढायची. मेलेल्याला कुणी धरलं व्हतं ते दिसू दे." मग तिने एकामागून एक बॅनर उघडून दाखवले. कुणाच्या दंडाला हात, कुणाच्या गुडघ्यावर लहान मूठ, कुणाच्या पाठीवरून आलेली चार बोटं. मी हे सगळे बॅनर स्टँडवर बघितले होते. हात एकदाही दिसला नव्हता मला.

आणि मग तुझा आला.

तोच फोटो, आक्का. रत्नाला तू कापलं होतंस, जिवंत म्हणून. हात ठेवला होतास, घड्याळासकट. मागे तळ्याच्या पायऱ्या, पाणी आणि माणसंच माणसं. मी जो फोटो महाडला घेऊन गेलो होतो तोच, तसाच. म्हणजे मला काही करायचंच नव्हतं. होता तसा राहू द्यायचं, एवढंच काम होतं, आणि तेवढं माझ्याने झालं नाही.

खाली एकच ओळ होती. समस्त ग्रामस्थ नाही, भावकी नाही. 'शोकाकुल : भाऊ बाळू, मैत्रीण रत्ना.'

मला रडू आलं. मला वाटलं, एवढं भांडण होऊन, वेगळं रांधून, तरी तू माझं नाव पहिलं घातलंस. मी तसं म्हणालो रत्नाला. म्हणालो, आक्काचा राग गेला होता म्हणायचा.

रत्ना पडद्याकडे बघत होती. "नाय रे," ती म्हणाली. "राग नव्हता गेला. तिनं माझं एकटीचंच घातलं व्हतं. दवाखान्यात जायच्या आधी आठवडाभर हितंच बसलो व्हतो. मी म्हटलं, बाळूचं घाल. नाय म्हणाली. मी म्हटलं, सख्खा भाव हाय, तुझं सगळं तोच करनार, घाल. तर म्हणाली, तूच घाल मग. मी घातलं." तिने खालच्या ओळीवर बोट ठेवलं. "पहिलं घातलं. भावाचं पहिलंच असतं."

तिने तिच्या बोटांनी माझं नाव तुझ्या बॅनरवर घातलं, आणि त्याच बोटांना मी 'कुणाचा नाय' म्हणून पुसायला लावलं. मी तिला म्हणालो, चुकलं माझं. तिने डोळ्यावरचा चष्मा काढून पदराला पुसला. "मी बघितला फाट्यावर," ती म्हणाली. "हात काढायचाच व्हता तर नीट तरी काढायचा. आक्काला असं खड्ड्याचं नसतं चाललं." मग ती उठली. माफ केलं असं काही म्हणाली नाही. मी तशी वाट बघत होतो, हेही सांगून टाकतो.

तुला माहीत आहे, आक्का, तू माझ्यावर रागातच गेलीस हे मला रत्नाने सांगेपर्यंत ठाऊक नव्हतं. मी स्वतःची समजूत घातली होती की दवाखान्यात कॉम्प्युटरचं विचारत होतीस म्हणजे सगळं मिटलंय. आता कळलं, तू फक्त कॉम्प्युटरचं विचारत होतीस. उतरली नाहीस तू झाडावरून. ठीक आहे. तुझा राग तुझ्याकडे राहू दे, तो खरा होता. माझ्याकडे त्याची परतफेड करण्याजोगं काही नाही. मी तुझा धाकटा भाऊ होतो आणि तू मला चालायला, पोहायला, भांडायला शिकवलंस. एवढी एकच गोष्ट शिकवायची राहिली होती, तीही तू शिकवत होतीस, मीच शिकलो नाही.

परवा तुझा बॅनर मी छापून आणला. तुझा, तू केलेला, एका रेषेचा फरक न करता. ना मासिक होतं ना वर्षश्राद्ध. भात कापणीला आलंय, लोक धावपळीत आहेत. स्टँडवरचा जुना बॅनर सोडवून नवा बांधायला मी स्वतः शिडीवर चढलो. खाली माणसं जमली. गिरणीत येणारे पांडबा होते, गावकीतले वडीलधारे. चष्मा सरकवून त्यांनी आधी तुझा चेहरा बघितला, मग खाली वाचलं, मग परत वर बघितलं.

"बाळू," ते म्हणाले, "ह्यो खांद्यावरचा हात कुणाचा रे?"

मी दोरीची गाठ मारत होतो. म्हणालो, "रत्नाचा."

आवाज इतका बारीक निघाला की त्यांना ऐकू गेला नाही. त्यांनी कानामागे हात धरला आणि सगळा स्टँड माझ्याकडे बघत असताना मला ते परत सांगावं लागलं.